ते भाषण नेमकं कुणाचं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

आठ वर्षांपूर्वी मी गोपाळ कृष्ण गोखल्यांवर एक लेख लिहायला घेतला होता. विषय होता त्यांचं १९०२ सालचं अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण. कच्चा मजकूर मी नेहमीप्रमाणे अण्णांकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न.

"तू लिहिलंयस, गोखल्यांना आकडे गणेश जोशींनी पुरवले. आणि कंसात सार्वजनिक काका. सार्वजनिक काका गेले कधी?"

मी गप्प.

"१८८०. आता मला सांग, १८८० साली गेलेला माणूस १९०२ च्या भाषणाला आकडे कुठून पाठवील?"

मी दोन गणेश जोशींचा एक करून टाकला होता. पुणे सार्वजनिक सभेचे, खादीचे, स्वदेशीचे सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी. आणि गोखल्यांचे आकडेवाले जोशी म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. हे दुसरे जोशी सोलापुरात सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर होते. मी जन्माने सोलापूरची, शाळा-कॉलेज इथलंच, आणि मला हा माणूस माहीत नव्हता. अण्णा फोन ठेवताना एवढंच म्हणाले, "आपल्या गावचा आहे. नीट वाच आणि मग लिही."

तो लेख मी तेव्हा छापलाच नाही. आज लिहितेय. का, ते शेवटी सांगते.

आधी गोखल्यांची गोष्ट थोडी मागून घेऊ.

गोखले १८६६ सालचे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. वडील लवकर गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवत राहिले. १८८४ ला गोपाळराव बी. ए. झाले, पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. हुशार, मेहनती, इंग्रजी उत्तम. पण असे हुशार तरुण त्या काळच्या पुण्यात बरेच होते. गोखल्यांना बाकीच्यांहून वेगळं जे मिळालं, ते म्हणजे न्यायमूर्ती रानडे.

रानडे तेव्हा काय करत होते हे लक्षात घ्या. सरकारी न्यायाधीश. नोकरीमुळे उघडपणे राजकारणात उतरता येत नाही. १८७८ मध्ये सार्वजनिक सभेचं इंग्रजी त्रैमासिक सुरू झालं. जमीन महसूल, दुष्काळ, शेतकऱ्याचं कर्ज, मीठ, जंगल, रेल्वे अशा विषयांवरचे त्यातले कितीतरी लेख रानड्यांनी लिहिले आणि खाली नाव घातलं नाही. सरकारला संशय होताच. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या सुमारास त्यांची बदली नाशिकला, मग धुळ्याला झाली. धुळ्यात त्यांची पत्रं फोडून वाचली जात. तरी लिहिणं थांबलं नाही.

या माणसाने वीस-एकवीस वर्षांच्या गोखल्यांना हाताशी धरलं. पुढची चौदा-एक वर्षं शिकवणी चालली. शिकवणी म्हणजे काय? सरकारी अहवाल वाचायचे. त्यातून टिपणं काढायची. अर्जाचा मसुदा करायचा. तो रानडे तपासणार, खाडाखोड करणार, परत करणार. पुन्हा लिहायचं. रानडे तोंडभरून स्तुती करणाऱ्यातले नव्हते. "चालेल" असं म्हणाले की गोखल्यांना ते पुष्कळ होई. १८८७ मध्ये तेच त्रैमासिक गोखल्यांच्या हाती संपादनाला आलं. वय एकवीस.

इथे एक प्रसंग आहे. तो खुद्द गोखल्यांनीच पुढे सांगितला. सभेने मोठ्या कष्टाने एक निवेदन तयार केलं, सरकारकडे पाठवलं, आणि सरकारचं उत्तर आलं जेमतेम दोन ओळींचं. तरुण गोखले वैतागले. एवढी मेहनत करायची कशाला, जर समोरचा वाचणारच नसेल? रानड्यांनी त्यांना समजावलं, त्याचा मथितार्थ असा की वरचा पत्ता सरकारचा असला तरी ही निवेदनं खरी लिहिली जातात आपल्या लोकांसाठी. सार्वजनिक प्रश्नावर विचार कसा करायचा हे लोकांना शिकायचंय. हे काम या देशात नवीन आहे, त्यामुळे फळाची अपेक्षा न ठेवता वर्षानुवर्षं करावं लागेल.

सार्वजनिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा वैताग कधी ना कधी येतो. मलाही आलाय. पालिकेच्या पाणीपट्टीवर चार आठवडे खपून लिहावं आणि कुणी ढुंकून बघू नये. अशा वेळी मला हा प्रसंग आठवतो.

आता सोलापूरकर जोशी. जन्म १८५१. पेशाने शिक्षक, तेही सरकारी खात्यात. म्हणजे रानड्यांसारखीच अडचण, सही करता येत नाही. त्यामुळे त्रैमासिकातले यांचेही लेख निनावी. शाळा सुटल्यावर हा मनुष्य सरकारी आकड्यांची जाडजूड पुस्तकं घेऊन बसायचा. जमाखर्चाचे तक्ते, व्यापाराचे तक्ते, शेतसाऱ्याचे, लष्करी खर्चाचे. सरकार काय बोलतं यापेक्षा सरकारचेच आकडे काय बोलतात, यावर त्यांची नजर.

१८९७ साली गोखले विलायतेला गेले, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारं हे रॉयल कमिशन. हिंदुस्थानातून गेलेल्या साक्षीदारांत दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर होते. दादाभाई नौरोजी तर कमिशनचे सभासदच होते. या सगळ्यांत गोखले लहान, तिशीतले. पण त्यांची लेखी साक्ष भक्कम होती आणि उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. वाहवा झाली. त्या साक्षीची तयारी रानडे आणि जोशी यांनी करून घेतलेली होती. गोखल्यांनी जोश्यांना पत्र लिहिलं, त्याचा भाव असा: हे कौतुक खरं तुमचं आणि रावसाहेबांचं, मी फक्त मधली नळी.

याच दौऱ्यात गोखल्यांच्या हातून मोठी चूक झाली, तीही सांगायला हवी. पुण्यात प्लेग होता, घरझडत्यांसाठी गोरे सोल्जर लावले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल तिथल्या वर्तमानपत्रात गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार होईनात. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत, आणि पुरावा देता येत नाही म्हणून जाहीर बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यावरून त्यांची खूप नालस्ती झाली, भित्रा ठरवलं गेलं. प्लेगच्या बंदोबस्तात लोकांचे हाल झालेच नव्हते, असं कुणी म्हणणार नाही. पण आपण केलेला विशिष्ट आरोप आपल्याला शाबीत करता येतो का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्याने दहा वर्षं रानड्यांच्या हाताखाली एकेक आकडा तपासून घ्यायची सवय लावून घेतली, तो माणूस एकदाच न तपासता बोलला आणि जन्मभर त्याची किंमत मोजत राहिला. रानड्यांनी मात्र अशा पडत्या काळात शिष्याला दूर लोटलं नाही.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. त्याच वर्षाअखेर गोखले फिरोजशहा मेहतांच्या जागी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात निवडून गेले. पहिलाच अर्थसंकल्प, आणि सल्ला द्यायला रानडे नाहीत. उरले सोलापूरचे जोशी. पत्रं सुरू झाली. इकडून प्रश्न, तिकडून आकडे. इकडून मसुदा, तिकडून दुरुस्त्या.

२६ मार्च १९०२. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय कर्झन. सरकार खुशीत, कारण तिजोरीत सात कोटींच्या घरात शिल्लक. सरकारचं म्हणणं, बघा, देश कसा भरभराटीला आलाय! आणि पस्तीस वर्षांचे गोखले उभे राहून म्हणाले की ही शिल्लक भरभराटीची खूणच नाही. दोन भयंकर दुष्काळ आणि प्लेगने माणसं मरतायत आणि तिजोरी फुगतेय, याचा अर्थ एकच, कर गरजेपेक्षा जास्त घेतले जातायत.

हे नुसतं भावनेने म्हटलेलं नव्हतं. हिशोब बघा. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत पैसे भरावे लागत. पेन्शनी, कर्जाचं व्याज, रेल्वेची देणी. रुपया पडत पडत १८९४-९५ च्या सुमारास तेरा पेन्सांच्या आसपास आला होता. एका पौंडाचे २४० पेन्स. म्हणजे एक पौंड भरायला साडेअठरा रुपये लागायचे. ही खोट भरायची म्हणून सरकारने कर वाढवले होते. मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच केला, तो १८८८ मध्ये. मग १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, रुपया हळूहळू चढला आणि सोळा पेन्सांवर स्थिरावला. आता एक पौंड भरायला पंधराच रुपये लागू लागले. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले! पण साडेअठराच्या हिशोबाने बसवलेले कर तसेच ठेवले. शिल्लक पडणार नाही तर काय?

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा अंगावर काटा आला होता. भागाकार चौथीतल्या पोराचा. पण तो कुठे करायचा हे कळायला सोलापुरातल्या त्या हेडमास्तरांची वीस वर्षं लागली होती.

भाषण देशभर गाजलं. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर अडीचवरून दोन रुपये झाला, १९०५ ला दीड, १९०७ ला एक रुपया. प्राप्तिकराची सूटही १९०३ मध्ये वर्षाला पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. एका भाषणाने हे झालं असं मी म्हणणार नाही, मागणी काँग्रेसकडून किती तरी वर्षं चालू होती. पण मागणीला आकड्यांचा कणा त्या वर्षी मिळाला, एवढं नक्की.

आणि गोखल्यांनी जोश्यांना लिहिलं, ज्याचा आशय असा की हे भाषण एका अर्थी माझ्यापेक्षा तुमचंच आहे. सगळं श्रेय मी घेतोय म्हणजे लोकांची फसवणूक करतोय की काय असं मला वाटतं.

हे त्यांनी खाजगी पत्रात लिहिलं. तक्रार जोश्यांनी कधी केलेली नव्हतीच. १९११ मध्ये जोशी गेले आणि १९१२ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून त्यांच्या लेखांचा आणि भाषणांचा जाड ग्रंथ निघाला. तोवर यातलं किती जोश्यांचं, हे आतल्या मंडळींनाच ठाऊक होतं. आज आर्थिक इतिहासाचे अभ्यासक त्यांचं नाव दादाभाई आणि रानड्यांच्या पंगतीत घेतात. शाळेच्या पुस्तकात ते मला कधी भेटले नाहीत.

गोखल्यांनी हे कर्ज फेडलं का? जोश्यांना परत देण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी ते पुढच्यांना दिलं. १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आलेला एक सत्तावीस वर्षांचा वकील त्यांना पुण्यात भेटला. १९०२ च्या सुरुवातीला, म्हणजे ह्याच गाजलेल्या भाषणाच्या महिन्या-दोन महिने आधी, तो वकील कलकत्त्यात जवळपास महिनाभर गोखल्यांकडे राहिला. १९१२ मध्ये तब्येत बरी नसताना गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले, त्याच्या लढ्याला आधार द्यायला. १९१५ मध्ये तो कायमचा परतला तेव्हा सांगितलं, वर्षभर देश बघ, बोलू नकोस. महिनाभरात, १९ फेब्रुवारीला, गोखले गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचं आयुष्य. गांधीजी आणि गोखले यांचे विचार सगळे जुळत नव्हते, पुढे गांधी फार वेगळ्या रस्त्याने गेले. तरी गुरू म्हणून नाव घेतलं ते गोखल्यांचं. आपल्यासारखाच माणूस घडवायचा हट्ट न धरणं हेही औदार्यच.

आता या सगळ्यात एक खटकणारी गोष्ट आहे. ती लपवली तर अण्णा पुन्हा सहाला फोन करतील.

रानडे, जोशी, गोखले. एकाच वर्तुळातली माणसं. पुण्याची, शिकलेली, एका जातीची, आणि सगळे पुरुष. १८८५ मध्ये रानड्यांनी जोतीराव फुल्यांना मराठी ग्रंथकारांच्या सभेला बोलावलं, तेव्हा फुल्यांनी लेखी नकार कळवला. ज्या लोकांना इतरांचे हक्क मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. आणि फुले चूक नव्हते. मसुदे तपासून देणारा रानडे मिळायला आधी रानड्यांच्या दिवाणखान्यापर्यंत पोचावं लागायचं. १८८७ साली माझ्यासारखी बाई तिथे कागद घेऊन गेली असती का? रमाबाई घरातच होत्या, त्यांना रानड्यांनी शिकवलं, तर घरातल्याच बायकांनी त्यांना छळलं. मार्गदर्शक उदार असून भागत नाही. त्याच्या दारापर्यंत कोण येऊ शकतं, हेही बघायला लागतं.

आता अण्णांबद्दल.

अण्णा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. मी एका स्थानिक साप्ताहिकात एका नगरपालिकेच्या बजेटवर पहिला लेख लिहिला होता. त्यात ठोकून दिलं होतं की पाण्यावर अमुक कोटी खर्च झाले. आठवड्याने साप्ताहिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने आंतर्देशीय पत्र आलं. बजेटात तीन रकाने असतात; गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष, चालू वर्षाचा सुधारित आणि येत्या वर्षाचा अंदाज. तुम्ही अंदाजाचा रकाना खर्च म्हणून वाचला. बाकी लेख चांगला आहे, लिहीत राहा. खाली फोन नंबर.

ते पत्र माझ्याकडे अजून आहे. ते त्यांना संपादकाला पाठवून छापूनही आणता आलं असतं. माझी बोबडी वळली असती आणि मी बहुधा लिहिणं सोडलं असतं. त्यांनी ते मला पाठवलं.

त्यानंतर चौदा वर्षं माझा जवळजवळ प्रत्येक लेख त्यांच्या नजरेखालून गेला. पैसे नाहीत, नाव नाही. मानधन देऊ केलं तर म्हणाले, "पेन्शन पुरते." तीन वर्षांपूर्वी माझ्या ज्या लेखाला बक्षीस मिळालं, त्यातला मधला सगळा हिशोब अण्णांचा. मी नाव घालते म्हटलं, त्यांनी नको म्हटलं, आणि मी लगेच ऐकलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच लगेच ऐकलं. गोखल्यांचं पत्र वाचलं तेव्हा हेच आठवून मान खाली गेली.

आता अण्णांना वाचता येत नाही. डोळे गेलेत. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर विचारलं, "तो जोश्यांचा लेख लिहिलास का?" आठ वर्षांनी! मी म्हटलं, लिहिते, पण एका अटीवर, तुमचं नाव घालणार. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अण्णा एवढंच घाल. ओळखणारे ओळखतील."

निघताना त्यांनी आणखी एक विचारलं. "तुझ्याकडे कुणी येतं का गं तपासून घ्यायला?"

येतं. मंगळवेढ्याचा एक मुलगा. ग्रामपंचायतीच्या निधीवर त्याने लिहिलंय. "ताई, जरा बघाल का" म्हणून दीड महिन्यापूर्वी पाठवलंय. मी "नक्की" म्हटलं आणि उघडलंही नाही. काम होतं, घरचं होतं, कारणांना काय तोटा.

परवा रात्री उघडलं. अंदाजाचा रकाना त्याने खर्च म्हणून वाचलाय.

त्याला मी फोन केला. सहाला नाही, नऊला.

ही पोस्ट अण्णांची सूनबाई त्यांना वाचून दाखवणार आहेत. त्यामुळे सन-साल, आकडे दोनदा तपासलेत. तरी काही चुकलं असेल तर तुम्हीही सांगा, मी दुरुस्त करीन. आणि तुमच्या लिखाणावर, हिशोबावर, कामावर कुणी असाच निमूट हात फिरवला असेल, तर ती व्यक्ती ऐकू शकते तोवर तिला तसं सांगा. खाजगी पत्रात नको, चारचौघांत सांगा.